नाव कमी करणे

मतदार यादीतून नाव वगळायचं असेल तर फॉर्म नंबर 7 भरावा लागतो. त्यात कारणांचे छोटे चौकोन आहेत. मयत, वय पूर्ण नाही, कायमचे स्थलांतर, दुबार नोंद, भारतीय नागरिक नाही. यातल्या एकावर खूण करायची.

आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम घरोघरी जाऊन करणाऱ्या, त्या अंगणवाडीच्या ताई. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी त्या गठ्ठा घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. सोनलचं नाव अजून आमच्याच यादीत होतं.

"काका, स्थलांतरावर टिक मारा. पोरी लग्न होऊन गेल्या की सगळे तेच करतात."

"लग्न झालं तेव्हाच करायला हवं होतं, ते राहिलं. आता कारण वेगळं आहे."

"म्हणजे?"

"ती जर्मन झाली."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग तो शेवटचा चौकोन." आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी टिक मारली. हात काही थरथरला वगैरे नाही. फक्त टिक चौकोनाच्या थोडी बाहेर गेली, आणि ती तशी गेली हेच मला दिवसभर खुपत राहिलं. तेहेतीस वर्षं ज्या कामात काढली तिथे रेघ बाहेर जाणं परवडत नाही.

मी प्रेसवाला. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस इथे 1925 साली आली. त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून यायची. शेजारी नोटांची करन्सी नोट प्रेस, ती 1928 ची. आमच्याकडे तिकिटं, स्टॅम्प पेपर, धनादेश आणि पासपोर्ट. देशात कुणाच्याही हातात असलेली ती निळी पुस्तिका आमच्या आवारातून गेलेली असते. मी 1985 साली लागलो आणि 2018 ला निवृत्त झालो. आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती. कोरी शीट जितकी मोलाची तितकीच खराब झालेलीही, कारण हिशेब दोन्हींचा लागतो. एक शीट कमी भरली तर सेक्शन सुटत नाही, मग घरी पाहुणे येऊन बसलेले असोत नाहीतर बायको बाळंतपणाला दवाखान्यात असो. ती सवय हाडात गेली. अजूनही लग्नाच्या पत्रिका वाटायला घेतल्या की आधी मोजतो.

आणि इतकं करून माझ्याकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता. लागलाच नाही कधी. आमची धाव पंढरपूरपर्यंत, फार तर एकदा काशी.

जुलै 2024 मध्ये एका रविवारी सोनलचा फोन आला. ती 2014 पासून जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळच्या एका गावात. आधी शिक्षण, मग नोकरी. जावई दिंडोरीकडचे, तेही तिथेच. नात 2023 ची. नेहमीचं बोलणं झालं, मग म्हणाली, "बाबा, मी इथल्या नागरिकत्वाला अर्ज करतेय."

मी विचारलं, "आणि आपलं?"

"जर्मनी आता दोन्ही ठेवू देते. 27 जूनपासून कायदा बदललाय. आठऐवजी पाच वर्षं राहिलं की अर्ज करता येतो, आणि जुनं सोडावंही लागत नाही."

मला हायसं वाटलं, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण आपलाच कायदा ठेवू देत नाही."

ते खरंच निघालं. नागरिकत्व कायदा, 1955, कलम 9. भारतीय माणसाने आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी आपलं संपतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही की कुणाची सही लागत नाही. नंतर आपल्या वकिलातीकडे पासपोर्ट जमा करायचा आणि दाखला घ्यायचा, ती फक्त झाल्या गोष्टीची पावती. मी ते कलम तीनदा वाचलं. ज्या देशात ती परकी होती तो म्हणतोय दोन ठेव. ज्याची ती होती तो म्हणतोय एकच.

त्या रविवारी मी तिला फार लागेल असं बोललो. इथे लिहीत नाही. ती शांतपणे म्हणाली, "अकरावं वर्ष चालू आहे बाबा. कर भरते, पोरीची पाळणाघराची फी भरते, आणि पाळणाघर बंद करायचं की चालू ठेवायचं हे ठरवणाऱ्या माणसाला मत देऊ शकत नाही. नाशिकचं मत तर मी 2014 नंतर दिलेलंच नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परदेशातल्या भारतीयाचं नाव मतदार म्हणून नोंदता येतं, पण मत द्यायला विमानाने इथे यावं लागतं.

मग तिचा अभ्यास सुरू झाला. नागरिकत्वाची परीक्षा असते, 33 प्रश्न, एक तास, 17 बरोबर आले की पास. प्रश्नसंच आधीच जाहीर केलेला असतो. ती रात्री पोरीला झोपवून फोनवर मला प्रश्न मराठीत सांगायची आणि मी बिटको चौकातल्या वाचनालयात बसल्यासारखं उत्तर द्यायचो. एक प्रश्न होता, जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे का बोलू शकतात? मी म्हटलं, नोकरीची शाश्वती असेल म्हणून. उत्तर होतं, मतस्वातंत्र्य आहे म्हणून. हिने मागून हसत विचारलं, "तुम्ही नापास झालात तर ती इथेच राहील का?"

एक गोष्ट मात्र मला अनपेक्षित होती. नव्या कायद्यात अर्जदाराला लिहून द्यावं लागतं की नाझी राजवटीच्या अन्यायाबद्दल जर्मनीवर जी ऐतिहासिक जबाबदारी आहे ती मला मान्य आहे, ज्यूंच्या संरक्षणाचीसुद्धा. सोनल म्हणाली, "बाबा, मी त्यांचं पापही वाटून घेतलंय." मला ते आवडलं. कुठल्याही घरात सून म्हणून जाताना आधी कर्ज किती आहे ते सांगितलेलं बरं.

राग ओसरला तशी हिने भुणभुण लावली की पोरीला भेटायला जायचंच. म्हणजे पासपोर्ट. माझा आणि हिचा.

प्रेसमधल्या माणसाने पासपोर्टचा अर्ज एजंटाकडून भरून घ्यावा याहून लाजिरवाणं काही नाही, पण मी घेतला. त्याने जन्मस्थळ नाशिक लिहिलं. माझा जन्म निफाड तालुक्यातल्या आमच्या गावचा, 1958 चा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं. एजंट म्हणाला, "एकच जिल्हा आहे हो काका." मी अर्ज स्वतः पुन्हा भरला. शुल्क 1500 रुपये, ज्येष्ठ म्हणून 10 टक्के सूट, म्हणजे 1350. मिळालेल्या तारखेला सेवा केंद्रात गेलो. तिथे ए, बी, सी अशा खिडक्या. ए खिडकीवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बीला कागद तपासतात, सीला मंजुरी.

ए खिडकीवरच्या मुलीने माझी बोटं काचेवर ठेवायला लावली. मशीनने घेतली नाहीत. ओल्या फडक्याने पुसली, दाबली, पुन्हा नाही. अंगठा तर अजिबातच नाही. ती म्हणाली, "काका, काय काम करायचात? रेषाच नाहीत."

म्हटलं, "कागद मोजायचो."

तिला वाटलं मी गंमत करतोय. कोऱ्या कागदाची कड बारीक कानशीसारखी असते. रोज हजारो शीट अंगठ्याखालून गेल्यावर काय उरणार? पाचव्यांदा कसाबसा ठसा उमटला. हिची बोटं एका दमात लागली, याचा तिने नंतर बरेच दिवस अभिमान मिरवला.

पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले, मोबाईलवर फोटो काढला, चहा घेतला आणि नोटा छापताना चुकल्या तर काय करतात हे विचारून गेले. नाशिकरोडच्या बाहेरच्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न पडतो. मी नोटांच्या प्रेसमध्ये नव्हतो हे सांगून उपयोग नसतो.

स्पीड पोस्टाने दोन पुस्तिका आल्या. पोस्टमनसमोरच पाकीट फोडलं. आधी शिवण पाहिली, मग कव्हरवरचं सोनेरी, मग पानांना छिद्रांनी पाडलेला नंबर उजेडाला धरून. 36 पानं. मग स्वतःचा फोटो. एवढी वर्षं कोऱ्या पुस्तिका पाहिल्या, त्यात नाव लिहिलेली आणि ते नाव माझं असलेली ही पहिलीच. आत छापलेलं असतं की हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. हे वाक्य माझ्या डोळ्यांखालून लाखो वेळा गेलं असेल. वाचलं त्या दिवशी.

आता ओसीआयबद्दल. जे भारतीय परदेशी नागरिक होतात त्यांच्यासाठी आपल्या सरकारने 2005 पासून हे कार्ड काढलं. मराठीत 'भारताचे परदेशस्थ नागरिक' असं भारदस्त नाव आहे, पण तो नागरिक नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा. कितीही वेळा या, कितीही राहा, पोलिसांकडे नोंद नको. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

हे मी एका संध्याकाळी हिला वाचून दाखवत होतो. ही मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माहेरच की."

"काय?"

"कधीही ये, कितीही दिवस राहा, साडीचोळी घेऊन जा. पण घराच्या कारभारात तोंड घालू नकोस आणि शेतीत वाटा मागू नकोस. तुमच्या सरकारने नवीन काय काढलं त्यात?"

मी हसलो, पण ती थांबली नाही. "माझं नाव सिन्नरच्या रेशनकार्डावरून कमी करून आणायला तुम्ही मामंजींना पाठवलं होतं, आठवतं? 1985. साखर माणशी मोजून मिळायची. तो 'नाव कमी केल्याचा दाखला' आणल्याशिवाय इथे नाव लागेना. ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझं नवीन नाव लिहिलंत तुम्ही. मला विचारलंत? परीक्षा तरी घेतलीत का? तुमच्या लेकीने निदान अभ्यास करून, सही करून देश बदलला."

मेथीची जुडी संपली. तिने देठ गोळा केले आणि उठून गेली. मी बराच वेळ तसाच बसून होतो. सोनलशी त्या रविवारी मी जे बोललो होतो, त्यातला 'मुळं' हा शब्द मला अडकून राहिला. आमच्या घरातल्या एकाही बाईची मुळं आम्ही एका जागी राहू दिलेली नाहीत.

खरा धडा व्हिसाच्या वेळी मिळाला. एप्रिल 2025. जर्मनीच्या भेटीच्या व्हिसाला सोनलने तिथल्या कार्यालयात जाऊन हमीपत्र काढलं, की या दोघांचा खर्च माझ्यावर. 30,000 युरोंचा प्रवासी विमा. शुल्क माणशी 90 युरो. पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट पटवून द्यायची असते, की तुम्ही परत जाल. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने. ज्याची एकुलती लेक आणि एकुलती नात तिकडे आहे त्याने. मला पेन्शन आहे, नाशिकरोडला फ्लॅट आहे. ज्याने ज्याने सल्ला दिला तो म्हणाला, सातबारा जोडा. शेती असलेला माणूस परत येतोच, असं तिकडच्यांना वाटतं म्हणे.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. काढला. माझ्या नावे 62 आर, म्हणजे दीड एकर. द्राक्षं भाऊच करतो, मी वर्षाला दोन पेट्या आणि हिशेब घेतो. इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं म्हणून जुने फेरफारही काढले, आणि त्यात 1998 चा फेरफार हाती आला. वडील गेल्यावर वारस म्हणून नावं लागली होती. आई, भाऊ, मी, आणि अक्का. त्याखालचा पुढचा फेरफार हक्कसोडपत्राचा. अक्काचं नाव कमी.

मला तो दिवस स्वच्छ आठवतो. निफाडच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयाबाहेर आम्ही उसाचा रस प्यायलो. अक्काला नवी साडी घेतली होती, बॉर्डर मोरपंखी. ती हसतच होती. सही येत होती तिला, तरी अंगठाही घेतला. कुणी तिला जबरदस्ती केली नाही. तशी वेळच येत नाही. बहिणीने सही करायची असते आणि ती करते. वाटा मागितला तर माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे बिनवाट्याचं माहेर तरी राहावं म्हणून तिने नाव सोडलं. आणि ज्या कागदावरून तिचं नाव कमी झालं, तोच कागद आता मी दूतावासाला दाखवणार होतो की बघा, आम्ही किती घट्ट बांधलेले आहोत.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. बांधाला लागून शेजाऱ्याची अर्धा एकर निघाली होती. सोनलला ती घ्यायची फार इच्छा होती, पैसे तिचे. भाऊ म्हणाला, "ती आता जर्मन होणार, तिच्या नावावर शेती होत नाही." मी चौकशी केली. नियम असा की परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते. म्हणजे पासपोर्ट निळा असतानाही ती ही अर्धा एकर घेऊ शकत नव्हती. ज्या दिवशी ती तिकडे कायमची राहायला लागली त्याच दिवशी ती बांधाबाहेर गेली होती. शिवाय महाराष्ट्रात शेती घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. तुमचं नाव कुठल्यातरी सातबाऱ्यावर असेल तर तुम्ही शेतकरी, नसेल तर जन्मभर बाहेरचे. शेतीच्या या देशाला नकाशा नाही, पण हद्द जर्मनीपेक्षा कडक आहे. तिथे निदान पाच वर्षं राहिल्यावर अर्ज तरी घेतात.

भावाच्या मळ्यात छाटणीला येणारी टोळी सुरगाण्याची आहे. दिवाळीनंतर येतात, हंगाम संपला की जातात, पाटावरच्या शेडमध्ये राहतात. 2022 च्या शेवटी सुरगाणा तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली होती, रस्ता नाही, पाणी नाही, दवाखाना नाही म्हणून. पेपरात तेव्हा मोठी ओरड झाली, महाराष्ट्राशी गद्दारी वगैरे. टोळीच्या मुकादमाला मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, आमची बाई बाळंतीण व्हायची तर गुजरातचा दवाखाना जवळ पडतो. हद्द तुम्ही आखली, 60 साली." याच्यावर काय बोलणार? तेव्हा मला त्याचं पटलं होतं आणि दोन वर्षांनी सोनलचं पटलं नाही, याची मला गंमत वाटते. पाळणाघर आणि दवाखाना, दोघांचंही म्हणणं तेवढंच होतं.

व्हिसासाठी मुंबईला पंचवटीने गेलो. पंचवटीत पासधारकांचा डबा असतो. साधं तिकीट घेऊन चुकून त्यात चढलात तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांची हद्द, काय असते ते तुम्हाला इगतपुरीच्या आत कळतं. आम्ही चढलो होतो. पुढचं सगळं सुरळीत झालं. बोटांचे ठसे इथेही मागितले, इथेही अंगठा अडला. पंधरा-वीस दिवसांत व्हिसा आला. सातबाऱ्याने काम केलं की पेन्शनने, ते देव जाणे.

मे महिन्यात सोनलला तिकडचं प्रमाणपत्र मिळालं. एका कार्यालयात घटनेचा आणि कायद्याचा मान राखीन अशा अर्थाचं निवेदन मोठ्याने वाचायचं, की हातात कागद. तिने व्हिडिओ पाठवला. नात मागे खुर्चीवर पाय हलवत बसली होती. ती जन्मापासूनच जर्मन. जावई भारतीयच राहिले. त्यांचं म्हणणं, परत आलो तर दिंडोरीत शेतीच करायची आहे. एका घरात असे दोन देश, आणि भांडण फक्त भांडी कुणी घासायची यावर.

जून-जुलै आम्ही तिकडे होतो. त्याचं प्रवासवर्णन करत नाही, सगळे करतात. एकच दिवस सांगतो. ऱ्हाईन नदीच्या अलीकडे केल हे जर्मन गाव आहे, पलीकडे फ्रान्सचं स्ट्रासबर्ग. मध्ये ट्राम आहे. नाशकात शालिमारवरून सीबीएस स्टँडला जावं तसे आम्ही फ्रान्सला गेलो. पुलावर मी खिडकीला नाक लावून बसलो होतो, सीमा कुठे लागते ते बघायला. लागलीच नाही. एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या घेत होती, ती दोन देशांत झोपली.

येताना मात्र केलला पोलीस चढले. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे, तात्पुरती म्हणतात. सोनलने नवं ओळखपत्र दाखवलं, पोलिसाने मान हलवली. मग जावयांचा आणि आमचे दोघांचे पासपोर्ट. माझा त्याने हातात घेतला आणि अंगठ्याने सर्रकन पानं सोडली. हा माणूस कागदाचा नाही हे मला लगेच कळलं, कागदाचा माणूस कड धरतो. व्हिसाचं पान सापडलं, शिक्का पाहिला, परत दिला. नाशिकरोडची पुस्तिका ऱ्हाईनच्या काठावर एका अनोळखी माणसाच्या हातात बघताना मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. भोंगा झाल्यावर आपली मशीन दुसऱ्या शिफ्टवाल्याच्या ताब्यात देताना वाटतं, साधारण तसं.

घरी येऊन मी जावयांना सांगितलं की पासपोर्टची ही आजची घडी तशी जुनी नाही. 1920 साली पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली, तिथे ठरलं की पुस्तिका असावी आणि 32 पानं असावीत. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी माणसं त्याशिवायच फिरत. जावई म्हणाले, "म्हणजे तुमच्या प्रेसपेक्षा पाचच वर्षं मोठी." मी हे प्रेसमधल्या एका साहेबांकडून ऐकलं होतं. तेव्हा माझ्या शेजारी जो काम करायचा तो देवळाली कॅम्पातल्या सिंधी कुटुंबातला. त्याने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं की त्याचे वडील सिंधमधून 19 जुलै 1948 च्या आत आले म्हणून आपोआप नागरिक झाले. त्यानंतर आलेल्या चुलत्याला अर्ज करून नोंदणी करावी लागली. आपल्या घटनेच्या सहाव्या कलमात ही तारीख आहे. बोट एक-दोन आठवडे उशिरा मिळाली, एवढाच दोन भावांत फरक. दोघांनी पुढे एकच दुकान चालवलं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात सोनलने पासपोर्ट जमा करायची कागदपत्रं टेबलावर मांडली. अर्ज, नव्या पासपोर्टची प्रत, प्रमाणपत्राची प्रत, जुना निळा पासपोर्ट. लिफाफ्यात काय काय गेलं ते मला तपासायला लावलं. मी यादीवर एकेक खूण करत गेलो. पासपोर्टच्या ओळीशी थांबलो. तिने विचारलं, "बाबा, चिडलात अजून?"

"नाही. पानं मोजायची राहिली."

"असू द्या ना आता."

मी तो तसाच लिफाफ्यात घातला आणि कडेला चिकटपट्टी लावली.

परत आल्यावर मी अक्काकडे गेलो. ती नांदूरमध्यमेश्वरकडे दिली आहे. तिला सांगितलं की माझ्या 62 आरमधला तिचा वाटा जो निघेल तो तिच्या मुलाच्या नावे करून देतो. ती चहा गाळत होती. म्हणाली, "येडा झाला का? आता काय करायचं त्याचं? लोक म्हणतील म्हातारपणी बहिणीने भांडून घेतली." विषय तिथेच संपला. वकिलाकडे मात्र मी कागद टाकून ठेवलेत. भावाला अजून सांगितलेलं नाही.

आणि मग तो फॉर्म 7. ताईंनी पोच दिली आणि पुढच्या घरी गेल्या.

डिसेंबरात सोनल नातीला घेऊन आली, ओसीआय कार्डावर. पहिल्या दिवशी ही पुरणपोळ्यांत आणि मी सामान लावण्यात. बॅगेच्या कप्प्यातून तिने जुना पासपोर्ट काढून माझ्यासमोर धरला. जमा केलेला पासपोर्ट रद्द करून परत देतात, हे मला माहीत नव्हतं. कव्हरचा कोपरा कापलेला, आत शिक्का, परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे रद्द. "तुमच्याकडे ठेवा, बाबा. तिकडे कुठे जपू मी."

रद्द झालेला माल आमच्याकडे कधी बाहेर जात नसे. त्याची नोंद होऊन, साक्षीने तो नष्ट व्हायचा. हा मात्र घरी आला होता. मी तो खिडकीपाशी नेला. नंबरची छिद्रं सगळ्या पानांतून सरळ जात होती, शिवण अजून घट्ट होती, फोटोच्या पानावर तिचा चेहरा. नात येऊन गुडघ्याला बिलगली आणि तिने तो ओढायला हात पुढे केला.

"थांब गं," मी म्हटलं, अंगठा ओला केला आणि कड धरून पहिल्यापासून मोजायला लागलो. कापलेल्या कोपऱ्यापाशी अंगठा दर पानाला अडखळत होता. 36 भरली.